न पाहिलेल्या पुराचा आकडा

१९११ साली लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली. समारंभाला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क (पुढचे लॉर्ड सिडनहॅम) हजर होते. पाहुणे परतले आणि इंजिनिअरांपुढे एकाच पावसाबद्दलचे दोन उलटे प्रश्न उरले. सगळ्यात वाईट वर्षी पाऊस किती कमी पडेल? आणि सगळ्यात वाईट दिवशी किती जास्त पडेल? पहिल्याचं उत्तर चुकलं तर उन्हाळ्यात तलाव आटणार आणि मुंबईच्या गिरण्यांची वीज जाणार. दुसऱ्याचं चुकलं तर पाणी सांडव्यात न मावता धरणाच्या माथ्यावरून जाणार.

लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याला सातशेच्या आसपास. दोन्हींत अंतर पासष्ट किलोमीटरचं. घाटमाथ्याच्या या उधळपट्टीवरच ती योजना उभी होती. कल्पना मुळात मुंबईतले वास्तुविशारद डेव्हिड गॉस्टलिंग यांची. जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली, पण १९०४ मध्ये ते गेले आणि पुढचं काम मुलांनी नेलं. इंद्रायणीच्या खोऱ्यात पडणारं पाणी एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. ते लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या तलावांत अडवायचं, कालव्याने खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणायचं आणि नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीला सोडायचं, असा बेत होता. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोचली. १९२२ मध्ये आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीला उतरू लागलं. मावळचा पाऊस असा परळ-लालबागचे माग फिरवायला लागला.

मात्र वरच्या दोन प्रश्नांना सरासरीचा काडीचाही उपयोग नव्हता. चार हजार मिलिमीटर हा आकडा गेल्या पन्नास वर्षांत काय झालं याचा गोळाबेरीज हिशेब देतो. धरण फुटतं ते एका रात्रीच्या पावसाने, आणि ती रात्र बहुधा कुणाच्याही वहीत नोंदलेली नसते. न पाहिलेल्या पुराला आकडा द्यायचा कसा, या प्रश्नाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास मावळ आणि पुण्याच्या परिसरात जवळून पाहता येतो.

नरसाळं आणि साडेआठची वेळ

या सगळ्या गणिताचं मूळ एका साध्या भांड्यात आहे. पर्जन्यमापक म्हणजे वर पितळी कडेचं पाच इंच व्यासाचं नरसाळं आणि खाली पाणी जमा करणारी बाटली. रोज सकाळी साडेआठला निरीक्षक बाटलीतलं पाणी खुणा केलेल्या काचेच्या नळीत ओततो, डोळा पाण्याच्या पातळीशी आणून आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. पुढची सगळी शास्त्रं या एका आकड्यावर उभी राहतात.

या आकड्यात एक खोट असते. वादळी पाऊस सकाळी साडेआठची वाट बघून सुरू होत नाही. रात्री दोनला लागलेली झड दुपारी दोनला थांबली, तर तिचा एक तुकडा एका तारखेला जातो आणि दुसरा पुढच्या. वहीत दोन मध्यम दिवस दिसतात, प्रत्यक्षात मात्र एक भयंकर पाऊस होऊन गेलेला असतो. म्हणून धरणाचं गणित करणारे ठरावीक वेळी मोजलेल्या एका दिवसाच्या कमाल पावसाला १.१३ ने गुणतात आणि मग तो खऱ्या चोवीस तासांचा धरतात. ही तेरा टक्क्यांची भर साडेआठच्या शिरस्त्याची भरपाई आहे.

आणखी एक अडचण भूगोलाची आहे. खंडाळ्याच्या कड्यापासून वडगावकडे निघालं की पाऊस मैलामैलाला उतरत जातो. एका भांड्याच्या पाच इंचांवरून साऱ्या पाणलोटाचा अंदाज बांधायचा, आणि तोही असा उताराचा प्रदेश असताना. घाटातलं भांडं कड्याच्या कोणत्या अंगाला आहे, यावरही आकडा बदलतो.

खुणेची रेषा

संख्याशास्त्र येण्याआधी या प्रश्नाला उत्तर होतं ते अनुभवाचं. बोरघाटातून १८६३ मध्ये आगगाडी धावू लागली त्या काळात पूल बांधणारा इंजिनिअर नदीकाठी जायचा, पुराची सर्वांत वरची खूण कुठे हे विचारायचा, देवळाच्या पायरीवरची किंवा झाडाच्या बुंध्यावरची खूण बघायचा आणि तिच्या वर काही फूट ठेवून पूल बांधायचा. गावातल्या म्हाताऱ्यांची आठवण हीच त्याची नोंदवही.

नंतर सूत्रं आली. उत्तरेत डिकन्स यांचं, मद्रास इलाख्यात राइव्ह्ज यांचं. पाणलोटाचं क्षेत्रफळ घाला, पुराचा विसर्ग काढा. ही सूत्रं त्या त्या मुलखाची होती आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्याला ती पुरत नव्हती. इथे नद्या छोट्या, उतार तीव्र, पाणलोट पंख्यासारखा पसरलेला. चोहोबाजूंचे ओढे एकाच वेळी नदीला मिळतात आणि पाणी एका झटक्यात येतं.

ही उणीव क्लॉड इंग्लिस यांनी भरून काढली. आयर्लंडमधून आलेले हे इंजिनिअर मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. पुण्यात १९१६ साली सुरू झालेल्या ज्या छोट्या सिंचन-संशोधन विभागातून पुढे खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे ते अनेक वर्षं सूत्रधार होते. पश्चिम भारतातल्या नद्यांच्या मोजमापांवरून त्यांनी १९३०च्या सुमारास जे सूत्र मांडलं, ते महाराष्ट्रातल्या धरणांच्या फायलींत पुढची कित्येक दशकं येत राहिलं. चौरस मैलांतल्या क्षेत्रफळाला ७,००० ने गुणायचं आणि क्षेत्रफळात ४ मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं, की क्यूसेकमध्ये पूर मिळतो.

घाटमाथ्यावरचा ४० चौरस मैलांचा पाणलोट घ्या. उत्तर येतं सुमारे ४२,००० क्यूसेक, म्हणजे दर चौरस मैलाला हजाराहून थोडं जास्त. पाणलोट १०० चौरस मैलांचा असेल तर दर मैलाला सातशेच्या आत. एकच चौरस मैल असेल तर तीन हजारांच्या वर. ओढा जितका लहान, तितका त्याचा तडाखा मोठा. मावळात पावसाळी ओढ्याच्या पात्रात उतरणाऱ्याने निदान हे एक गणित लक्षात ठेवावं.

इंग्लिस यांची रेषा कागदावर कशी काढली होती, हे समजून घेण्यासारखं आहे. नोंदलेले सगळे मोठे पूर बिंदू म्हणून मांडायचे आणि त्या साऱ्यांना खाली ठेवून वरून एक वक्र काढायचा. अर्थात ती रेषा ‘आजवर जे दिसलं त्याच्या वर’ अशी होती. उद्या एखादा बिंदू तिच्याही वर पडला, तर रेषा वर सरकवायची. तो बिंदू पडण्याची शक्यता किती, याबद्दल वक्र काही सांगत नव्हता.

धाग्याचं सर्वांत कमकुवत टोक

त्या प्रश्नाचं उत्तर आलं ते सुताच्या धंद्यातून. खोपोलीची वीज ज्या गिरण्यांना जात होती, त्याच धंद्यातून, पण मँचेस्टरहून. तिथल्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये सुताच्या बळकटीवर संशोधन चालू होतं. एफ. टी. पिअर्स यांनी १९२६ मध्ये दाखवलं की लांब धागा आखूड धाग्यापेक्षा लवकर तुटतो. धाग्याची सरासरी बळकटी कितीही असो, तो तुटतो तिथे, जिथे तो सगळ्यात कमकुवत असतो. लांबी वाढली की कमकुवत जागा सापडण्याची शक्यताही वाढते.

याच संस्थेत काम करणारे एल. एच. सी. टिपेट यांना पडलेला प्रश्न गणिती होता. पुष्कळ नमुन्यांतून फक्त सर्वांत लहान किंवा सर्वांत मोठी संख्या निवडली, तर त्या निवडलेल्या टोकांचं स्वतःचं काही नियमित वर्तन असतं का? त्यांनी रोनाल्ड फिशर यांच्यासह १९२८ मध्ये उत्तर दिलं, की असतं. मूळ संख्यांची वाटणी कशीही असो, टोकांना काही ठाम रूप येतच असेल, तर ते तीनच प्रकारांपैकी एक असतं. मोरिस फ्रेशे यांनी फ्रान्समध्ये त्यातला एक प्रकार वर्षभर आधी शोधला होता, आणि १९४३ मध्ये सोव्हिएत गणिती ग्नेदेंको यांनी ही मांडणी पक्की केली.

या तीन प्रकारांतला फरक पावसाच्या भाषेत सांगता येतो. पहिल्या प्रकारात वरची मर्यादा ठरलेली असते, पाऊस एका हद्दीपलीकडे जातच नाही. दुसऱ्यात हद्द नसते, पण मोठे आकडे भराभर दुर्मीळ होत जातात. तिसऱ्यात ते फार सावकाश दुर्मीळ होतात, आणि आधीच्या विक्रमाला दुपटीने मागे टाकणारा दिवसही गणितात बसतो. घाटमाथ्याचा पाऊस यांपैकी कशात मोडतो, यावर सांडव्याची रुंदी अवलंबून असते. तीस-चाळीस वर्षांच्या नोंदींतून दुसरा आणि तिसरा प्रकार वेगळा ओळखणं फार कठीण. दिसलेल्या आकड्यांत दोन्ही सारखेच दिसतात, न दिसलेल्यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

मोजणारा माणूस

हे गणित नद्यांवर आणण्याचं श्रेय मुख्यतः एमिल गंबेल यांचं. म्युनिकचा हा ज्यू गणितज्ञ पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत वेगळ्याच मोजणीमुळे गाजला होता. राजकीय खुनांची नावनिशीवार यादी करून त्याने दाखवलं की उजव्या गटांनी ३५४ खून केले आणि डाव्यांनी २२, पण जबर शिक्षा झाल्या त्या डाव्यांना. १९३२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला काढून टाकलं. तो फ्रान्समध्ये लियाँला गेला आणि १९४० मध्ये तिथूनही निसटून अमेरिकेत पोचला. १९४१ मध्ये त्याचा पुरांच्या ‘परतीच्या काळा’वरचा, म्हणजे तेवढा पूर सरासरी किती वर्षांनी येतो यावरचा, लेख आला आणि १९५८ मध्ये टोकांच्या संख्याशास्त्राचं त्याचं मोठं पुस्तक.

गंबेलची रीत कोणत्याही पाटबंधारे कचेरीत हाताने करता येण्यासारखी होती. दर वर्षीचा एकच, सगळ्यात मोठा पाऊस निवडायचा. ४९ वर्षांच्या नोंदी असतील तर ४९ आकडे. ते उतरत्या क्रमाने मांडायचे. पहिल्याचा परतीचा काळ ५० वर्षं, दुसऱ्याचा २५, पाचव्याचा १०. मग खास आखलेल्या कागदावर हे बिंदू टाकायचे आणि त्यांतून पट्टीने रेषा ओढायची. त्या कागदाची आडवी मापं अशी ताणलेली असतात की गंबेलच्या, म्हणजे वरच्या दुसऱ्या प्रकारात बसणारे बिंदू सरळ रेषेत येतात. रेषा पुढे वाढवली की शंभर वर्षांचा, हजार वर्षांचा पाऊस वाचता येतो. पट्टी नोंदींच्या पलीकडे गेली तिथेच अनुभव संपतो आणि अंदाज सुरू होतो. इंग्लिस यांच्या वक्राला न साधलेली गोष्ट इथे साधली होती: पुराला आता शक्यता चिकटली.

मात्र ‘शंभर वर्षांचा पूर’ या शब्दांनी गैरसमजही भरपूर केले. एकदा येऊन गेला म्हणजे पुढची शंभर वर्षं निश्चिंती, असं लोकांना वाटतं. खरं तर तो कुठल्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते आणि काल आला म्हणून ती कमी होत नाही. २५ वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता २२ टक्के, ५० वर्षांत जवळजवळ ४० टक्के आणि १०० वर्षांत ६३ टक्के. शंभर वर्षं टिकावं म्हणून बांधलेलं धरण शंभर वर्षांच्या पुराला धरून आखणं, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही वाईट बोलीवर खालचा गाव ठेवणं.

मग किती वर्षांचा पूर धरायचा? हा प्रश्न हॉलंडमध्ये अंगावर आला. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे उत्तर समुद्राने बांध फोडले आणि १,८३६ माणसं बुडाली. नंतर नेमलेल्या डेल्टा समितीने दाट वस्तीच्या किनाऱ्यासाठी दहा हजार वर्षांच्या लाटेची कसोटी लावली. गणितज्ञ व्हान दांत्सिग यांनी बांध आणखी उंच करण्याचा खर्च आणि पूर आल्यास होणारी हानी एकमेकांसमोर मांडून हिशेब दिला. म्हणजे आकडा निसर्गातून आपोआप निघाला नव्हता. समाजाने तो पैसे मोजून निवडला होता.

पानशेतनंतर

आपल्याकडे तो धक्का १२ जुलै १९६१ ला बसला. जुन्या बारा मावळांच्याच मुलखात, पुण्याच्या वर, पानशेतचं धरण अपुऱ्या कामानिशीच त्या वर्षी पावसात भरू दिलं गेलं. पाण्याच्या नळावरचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून पाणी थोपवलं, पण सकाळी धरण गेलं आणि त्याच्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं धरणही फोडलं. मुठेकाठच्या पेठा वाहून गेल्या. चौकशी आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि मग न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेली.

पानशेत कमाल पावसाने फुटलं नव्हतं. ते घाईने फुटलं. तरीही त्या लोंढ्याने एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आणली. एकाखाली एक धरणं असतील, तर वरचं गेल्यावर खालच्याच्या कागदावरच्या पुराला काही अर्थ उरत नाही.

योगायोग असा की त्याच १९६१ साली अमेरिकेत डेव्हिड हर्शफील्ड यांनी पाऊस जास्तीत जास्त किती पडू शकेल याचा अंदाज काढायची सोपी रीत छापली. अडीच हजारांहून अधिक केंद्रांच्या नोंदी तपासून त्यांना दिसलं की कुठल्याही ठिकाणचा विक्रमी पाऊस त्या जागच्या सरासरी वार्षिक कमाल पावसापेक्षा प्रमाण विचलनाच्या १५ पटींहून वर गेलेला नाही. सरासरी अधिक पंधरा पट विचलन, हीच मग ‘शक्य कमाल पावसा’ची कसोटी झाली. पुढे त्यांनीच ती सुधारली. जिथे मुळातच धो धो पडतो, तिथे हा गुणक कमी धरावा लागतो. घाटमाथ्यासाठी ही सुधारणा महत्त्वाची होती, नाहीतर आलेला आकडा आकाशात मावला नसता.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था सुरू झाली. आज पाषाणला असलेली ती आयआयटीएम. ओ. एन. धर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे भारतभरच्या नोंदी चाळून एका दिवसाच्या शक्य कमाल पावसाचे नकाशे काढले. एक रीत वादळ हलवून बघण्याची होती. दक्षिण गुजरातेत धरमपूरला १९४१ च्या जुलैत एका दिवसात ९८७ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसंच वादळ आपल्या पाणलोटावर आलं तर? हवामान सारखं असेल तर शेजाऱ्यावर पडलेलं संकट आपल्या नोंदींत धरायला हरकत नाही, असा हा विचार. चाळीस वर्षांच्या तुटपुंज्या वहीला अशी शेजाऱ्यांच्या वह्यांची जोड मिळाली.

११ ऑगस्ट १९७९ ला सौराष्ट्रात मोरवीवरचं मच्छू-२ धरण माथ्यावरून पाणी जाऊन फुटलं. सांडवा सुमारे दोन लाख क्यूसेकसाठी आखलेला होता, आलेलं पाणी त्याच्या जवळजवळ तिप्पट होतं. इथे घाईचा दोष नव्हता, आकडाच कमी धरला होता. १९८५ मध्ये भारतीय मानक आलं. लहान धरण शंभर वर्षांच्या पुरासाठी, मधलं प्रमाणित प्रकल्प-पुरासाठी, आणि ६ कोटी घनमीटरहून जास्त साठ्याचं किंवा ३० मीटरहून जास्त पाण्याच्या उंचीचं मोठं धरण थेट शक्य कमाल पुरासाठी. मोठ्या धरणापुरता परतीच्या काळाचा सौदाच संपवला गेला.

सरासरी तशीच

या सगळ्या गणिताचा एक छुपा पाया आहे: हवामान बदलत नाही. मागच्या पन्नास वर्षांचा पाऊस आणि पुढच्या पन्नास वर्षांचा पाऊस एकाच पिशवीतून काढलेल्या चिठ्ठ्या आहेत. तसं असेल तर विक्रमांचाही साधा नियम निघतो. नोंदी सुरू झाल्यापासून शंभराव्या वर्षी नवा विक्रम होण्याची शक्यता शंभरात एक असते. शंभर वर्षांत सारे मिळून सरासरी पाचच विक्रम व्हावेत, आणि ते पुढे पुढे विरळ होत जावेत.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला त्याच दिवशी ७३ मिलिमीटर. एकाच शहरात, दोन भांड्यांत. सांताक्रूझच्या वहीत तोवर त्याच्या जवळपास जाणारा आकडा नव्हता, आणि गंबेलच्या सरळ रेषेवर तो बिंदू कागदाबाहेर जात होता. मुंबईत फक्त कुलाब्याचंच भांडं असतं, तर नोंदीपुरता तो दिवस बऱ्यापैकी पावसाचा एवढाच उरला असता.

पुढच्या वर्षी आयआयटीएमचे बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’ साप्ताहिकात आला. मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या काळातल्या रोजच्या पावसाचा त्यांनी हिशेब मांडला. मोसमी पावसाच्या सरासरीत लक्षणीय बदल नव्हता, पण शंभर आणि दीडशे मिलिमीटरवरचे दिवस वाढले होते आणि मध्यम पावसाचे दिवस घटले होते. २०१७ मध्ये त्याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १९५० पासून मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना मध्य भारतात तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या ओलाव्यातले वाढते चढउतार आहेत. सरासरी जागच्या जागी आणि टोकं हललेली. वळवणच्या इंजिनिअरांना जे सरासरीतून दिसणार नव्हतं, ते आजही त्यातून दिसत नाही.

विमा कंपन्या आणि बँका आज टोकांचं हेच गणित वापरतात. वर्षाचा एकच कमाल आकडा घेण्याऐवजी ठरावीक उंबरठ्यापलीकडचे सगळे आकडे घ्यायचे, ही १९७०च्या दशकातली सुधारणा त्यांनी उचलली. एका वर्षात तीन मोठे पाऊस पडले तर जुन्या रीतीत दोन वाया जात होते, नव्या रीतीत तिन्ही मोजले जातात.

रविवारचं गणित

मावळातल्या अलीकडच्या दुर्घटना मात्र या सूत्रांत वेगळ्या तऱ्हेने बसतात. १९८९ च्या जुलैत भाजे गावावर दरड आली आणि तीसहून अधिक माणसं गेली. तिथे एका दिवसाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा होता तो आधीच मुरलेल्या पावसाचा साठा. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसह कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. कुंडमळ्याला पूल पडला तो पर्यटकांच्या भाराने, गंजलेल्या जुन्या सांगाड्यात जिथे बळ कमी होतं तिथून. पिअर्स यांचा धागा तुटतो तसाच. भुशीला पाण्याचा एक लोंढा पुरेसा झाला, कारण तो आला तेव्हा पात्रात माणसं उभी होती.

भुशी आणि कुंडमळ्याचे दोन्ही दिवस रविवार होते, आणि दोन्ही पावसाळ्याच्या सुरुवातीचे. जोखमीचा हिशेब करताना एक सोपी चूक होते. जोराच्या पावसाची शक्यता दहात एक, गर्दीच्या कमाल दिवसाची शक्यता पन्नासात एक, म्हणून दोन्ही एकत्र येण्याची पाचशेत एक, असा गुणाकार केला जातो. तो फक्त एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांना चालतो. लोणावळ्यात पाऊस हेच गर्दीचं कारण आहे. पहिला जोराचा पाऊस झाला की त्याच आठवड्याअखेरीला मुंबई-पुण्याच्या गाड्या घाटात चढतात. पाण्याचं टोक आणि माणसांचं टोक एकमेकांना ओढून आणतात, त्यामुळे खरी शक्यता पाचशेत एकपेक्षा कितीतरी मोठी निघते. विसर्गाचा तक्ता आणि वाहनांचा तक्ता दोन वेगळ्या खात्यांत राहिले तर हे कुणालाच दिसणार नाही.

शंभर वर्षांपूर्वी वळवणच्या इंजिनिअरांकडे हे गणित नव्हतं. आज ते पुण्यात आहे, पाषाणला, खडकवासल्याला आणि पाटबंधारे खात्याच्या फायलींत. उरतो तो त्याचा वापर. पन्नास वर्षं टिकावा असा पूल बांधायचा आणि तेवढ्या काळात तो पुराने जाण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत ठेवायची, तर तो सुमारे ९७५ वर्षांच्या पुरासाठी आखावा लागतो. शंभर वर्षांच्या पुरासाठी आखला, तर जोखीम चाळीस टक्के. पहिला पूल महाग पडतो, दुसरा स्वस्त, आणि या दोहोंत निवड करणारा माणूस बहुधा त्या पुलावरून रोज जात नाही. म्हणून नव्या पुलाचं अंदाजपत्रक ग्रामसभेपुढे येईल तेव्हा किती वर्षांचा पूर धरला, रविवारी किती माणसांचा भार धरला आणि उरलेली जोखीम कोण सोसणार, या तीन प्रश्नांची उत्तरं गावाने मागून घ्यावीत. सूत्र गावाला येत नसलं तरी चालेल, पण ही उत्तरं फायलीत नसतील तर पुलाला मंजुरी देऊ नये.